नर्सबाईंच्या गाडीतली गळती

माझे वडील गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण ते गाडी नुसती दुरुस्त करून देत नसत, गिऱ्हाइकाला बोनेटपाशी उभं करून शिकवत. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, अल्टरनेटर म्हणजे ती भरणारा पंप आणि तारा म्हणजे नळ. टाकी रिकामी झाली तर कारणं तीनच: पंप पाणी देत नाही, टाकी फुटलीय, नाहीतर कुठला तरी नळ गळतोय. "कळलं?" असं विचारून होकार घेतल्याशिवाय ते बोनेट खाली सोडत नसत. काही गिऱ्हाइकं फाटकातूनच "कळलं मास्तर, कळलं" म्हणत यायची, म्हणजे तास लवकर सुटेल.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न मोडून परत आले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. घरात बसून भिंती किती दिवस बघणार, म्हणून गॅरेजवर जायला लागले, त्याला आता तेरा वर्षं होऊन गेली. पहिल्याच दिवशी अप्पांनी मीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अंदाज करायचा नाही. मोजायचं." बाकी सगळं मी त्यांच्याकडे बघून शिकले, पण हे एकच त्यांनी तोंडाने सांगितलं होतं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी अप्पांना एकाहत्तरावं लागलं होतं. हात अजून स्थिर होते. बाकी बारीकसारीक चुका व्हायच्या. एकदा दहा नंबरचा पाना हातात धरून ते अर्धा तास दहा नंबरचा पाना शोधत होते. सापडल्यावर आम्ही दोघंही पोट धरून हसलो. एका जीपच्या मागच्या दिव्यांची वायरिंग त्यांनी सकाळी केली आणि जेवून आल्यावर उखडून पुन्हा केली. तेव्हा मी हसले नाही. घरी आईला विचारलं, तर ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "वय झालंय त्यांचं. तुझं होईल तेव्हा कळेल."

नर्सबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. साठीच्या घरातल्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. शहर जिथं संपतं तिथून पुढच्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन त्या बाळंतपणं करायच्या. त्यांची गाडी सव्वीस वर्षांची होती. रंग राखाडी, पण डावीकडचं एक दार निळं, कारण ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं होतं. मागच्या सीटवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर पट्ट्याने बांधलेला आणि शेजारी त्यांची चामड्याची बॅग. लोक त्यांना नवी गाडी घ्या म्हणत. त्या म्हणायच्या, "हिला सगळ्या गल्ल्या पाठ आहेत."

त्या एका सोमवारी आल्या, कारण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझतच नव्हता. अप्पांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. बारा पॉइंट दोन व्होल्ट. चालू गाडीत तो आकडा चौदाच्या आसपास हवा. अल्टरनेटरच्या आतले कार्बन झिजून गेले होते, बेअरिंगही खरखरत होतं. निदान बिनचूक होतं. अप्पा म्हणाले, "पंप थकलाय, बाई. दुसरा बसवतो. उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जा."

त्याच दुपारी मी एका ट्रकचा करंट मोजायला गेले आणि माझ्याच चुकीने मीटरच्या आतला फ्यूज उडाला. व्होल्ट दिसत होते, पण अँपिअर मोजता येईनात. मंगळवारी दिवसभर मी सुटे भाग आणायला बाजारात होते, त्यात तो छोटा फ्यूजही आणला आणि खिशात ठेवला. परत आले तेव्हा नर्सबाई गाडी घेऊन गेल्या होत्या. अप्पा खुशीत होते. "रॅकवरचा एक धुऊन पुसून बसवला. चौदा पॉइंट एक देतोय," म्हणाले.

आमच्या रॅकला तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर दुरुस्त केलेले, बसवायला तयार असे अल्टरनेटर. मधल्या फळीवर स्टार्टर आणि वायपरच्या मोटारी. सगळ्यात खालच्या फळीवर बाद माल, ज्यातून एखादा स्क्रू, एखादी पुली काढून वापरायची. बाद मालावर मी लाल मार्करने कारण लिहून ठेवायचे. अप्पांनी वरच्या फळीवरचाच घेतला असणार, यात विचारण्यासारखं काय होतं?

शुक्रवारी नर्सबाई परत आल्या. सकाळी गाडी सुरूच झाली नाही, शेजाऱ्यांनी धक्का मारून दिला. मी एका बसच्या डॅशबोर्डखाली उताणी पडले होते, तिथून मला सगळं ऐकू येत होतं. अप्पांनी पुन्हा चालू गाडीवर मीटर लावला. चौदा पॉइंट एक.

"पंप ठणठणीत आहे," अप्पा म्हणाले. "टाकीच म्हातारी झालीय, बाई. आपल्यासारखी."

"आपल्यासारखी म्हणू नका, मास्तर. मला अजून धक्का लागत नाही," नर्सबाई म्हणाल्या आणि दोघं हसले.

अप्पांनी नवी बॅटरी बसवली. त्या गेल्यावर मी डॅशबोर्डखालून बाहेर आले आणि विचारलं, "अप्पा, गळती मोजलीत?"

"मोजली."

मीटरचा नवा फ्यूज मंगळवारपासूनच्या धावपळीत बसवायचा राहिला होता. तो अजून माझ्या खिशात होता. गळती अँपिअरमध्येच मोजतात, म्हणजे त्या मीटरवर ती मोजताच आली नसती, आणि आमच्याकडे दुसरा मीटर नव्हता.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. आपण मोजलं असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्याच क्षणी नर्सबाईंना फोन करून गाडी परत बोलवायला हवी होती. पण त्यासाठी अप्पांना तोंडावर सांगावं लागलं असतं की तुम्ही मोजलेलं नाही, आणि मग ते का, हेही बोलावं लागलं असतं. बसवाला माझ्या डोक्यावर उभा होता. मी स्वतःला म्हटलं, नवी बॅटरी आहे, चार दिवस तरी काही होत नाही, सोमवारी बघू. मी पुन्हा डॅशबोर्डखाली शिरले.

सोमवारी मी बघितलं नाही. मंगळवारीही नाही.

गुरुवारी सकाळी एका दुधाच्या टेम्पोने नर्सबाईंची गाडी दोरी लावून ओढत आणली. अप्पा त्या दिवशी उशिरा येणार होते, आईने त्यांना डोळे तपासायला नेलं होतं. नर्सबाई टेम्पोतून उतरल्या. अंगात थोडी कणकण होती म्हणून सोमवार-मंगळवार त्या घरीच होत्या, गाडी अंगणात उभी होती. काल दुपारी बारा वाजता फोन आला. टेकाडावरच्या वस्तीत टायरच्या दुकानावर एक जोडपं राहतं, नवरा बेकरीत कामाला, पहिलंच बाळंतपण, दहा दिवस आधी कळा सुरू झालेल्या. बाई बॅग घेऊन गाडीत बसल्या, किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज आला, बस.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"चालत निघाले. वाटेत या टेम्पोवाल्याने घेतलं." त्या गाडीच्या निळ्या दाराकडे बघत बोलत होत्या. "एरवी बारा मिनिटं लागतात. मला पन्नास लागली. मी पोचले तेव्हा डोकं बाहेर होतं आणि नाळेचा गळ्याभोवती वेढा. सिलिंडर गाडीतच राहिला होता. तो हातात घेऊन धावता येत नाही."

नर्सबाईच पुढे सांगत गेल्या.

"मुलगी होती. मी वीस मिनिटं प्रयत्न केला." मग म्हणाल्या, "वेळेत पोचले असते तर वाचली असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नसती वाचली, असंही नाही सांगू शकत. गाडीत काय आहे तेवढं शोध. शनिवारी माझ्या आणखी एका बाईचे दिवस भरतायत."

त्या टेम्पोवाल्याबरोबर परत गेल्या. मी आधी मीटरमध्ये फ्यूज बसवला. त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गाडीतली बॅटरी पार झोपली होती, म्हणून मी दुकानातली भरलेली बॅटरी लावली. किल्ली काढून घेतली, दारं बंद केली, बोनेटखालचा दिवा काढून ठेवला. मग बॅटरीची काळी वायर सोडवली आणि ती वायर आणि टर्मिनल यांच्या मधे मीटर जोडला. आता गाडी गुपचूप जेवढा करंट पिईल तेवढा मीटरमधून जाणार. एवढ्या जुन्या गाडीत घड्याळापुरता वीस-तीस मिलिअँपिअर जायला हवा. माझ्या मीटरवर नऊशेवीस होता. असा करंट दोन दिवसांत नवी बॅटरीसुद्धा कोरडी करतो.

मी एकेक फ्यूज उपटायला लागले. आतले दिवे, हॉर्न, रेडिओ, पंखा, वायपर, मागचे दिवे. प्रत्येक फ्यूज काढला की आकड्याकडे बघायचं. आकडा जागचा हलला नाही. सगळे फ्यूज काढून फडक्यावर ओळीने मांडले तरी नऊशेवीसच. म्हणजे गळती फ्यूजपेटीच्या अलीकडे होती, जिथं जाड वायर थेट बॅटरीपासून निघते. तिथं दोनच गोष्टी असतात. स्टार्टर आणि अल्टरनेटर.

एव्हाना अर्धा तास झाला होता. मी वाकून अल्टरनेटरवर तळहात ठेवला. इंजिन सोमवारपासून बंद होतं, सगळं लोखंड थंडगार होतं. अल्टरनेटर कोमट होता.

मी त्याची जाड वायर सोडवली. मीटर एकवीसवर आला.

अल्टरनेटर खोलून बाकावर ठेवला तेव्हा मी त्याला ओळखलं. त्याचा बोल्ट लावायचा एक कान तुटून पुन्हा वेल्डिंग केलेला होता. दोन महिन्यांपूर्वी एका भंगारातल्या गाडीचा हा माल मीच तपासला होता, आणि मीच त्यावर लाल मार्करने 'डायोड गेला' असं लिहून खालच्या फळीवर टाकला होता. आता ती अक्षरं नव्हती. अप्पा कुठलाही पार्ट पेट्रोलने धुतल्याशिवाय, ब्रशने घासल्याशिवाय गाडीला लावत नाहीत. त्यांनी तो इतका लखलखीत केला होता की नवा वाटावा.

अकराच्या सुमाराला अप्पा आले. चष्म्याचा नंबर वाढला होता आणि त्यावरून ते आईची चेष्टा करत होते, की मला तुझ्याकडे नीट बघता यावं म्हणून डॉक्टरांनी नंबर वाढवलाय. आई त्यांना सोडून घरी गेली. बाकावरचा उघडा अल्टरनेटर बघून अप्पांचा चेहरा खुलला.

"काय गं, कुठला हा?"

मी म्हटलं, "बघा तुम्हीच."

त्यांनी टेस्ट लॅम्प घेतला. एक टोक डायोडच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दिवा पेटला. टोकं उलटी केली. दिवा पुन्हा पेटला.

"हे बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा तो शिकवण्याचा आवाज लागला. "डायोड म्हणजे दरवान. आत येणाऱ्याला सोडायचं, बाहेर जाणाऱ्याला अडवायचं. हा दोघांनाही सलाम ठोकतोय. गाडी चालू असताना काही कळणार नाही, बाकीचे दरवान काम ओढून नेतात. मीटर चौदा दाखवेल. गाडी उभी राहिली की रात्रंदिवस गळती. कळलं?"

"कळलं."

"कुणी बसवला हा?"

मी टेस्ट लॅम्प उचलून त्याची वायर गुंडाळायला लागले.

"कुठल्या गॅरेजचं काम आहे? बॅटरी बदलली असेल त्याने, हो की नाही? पण गळती मोजली नसणार. असल्या माणसाला गाडीपाशी उभं करता कामा नये."

दुसऱ्या कुठल्यातरी गॅरेजचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. ते घेतलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. मी खरं सांगितलं ते काही खरेपणाच्या प्रेमाने नाही. मी चिडले होते. त्यांच्यावर, आईवर आणि त्याहून जास्त माझ्यावर. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही बसवलाय."

ते हसले. मी भिंतीवरच्या खिळ्याला लावलेल्या चिठ्ठ्यांमधून त्या मंगळवारची चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. प्रत्येक कामाची चिठ्ठी ते स्वतः लिहायचे, त्यांचं अक्षर छापल्यासारखं. नर्सबाईंची गाडी, अल्टरनेटर बदलला, चौदा पॉइंट एक. खाली सही.

त्यांनी ती नव्या नंबराची वाट न बघता जुन्याच चष्म्यातून दोनदा वाचली. मग स्टूल ओढून बसले. "आणि गाडीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पन्नास मिनिटं, सिलिंडर, मुलगी. माझ्या खिशातला फ्यूजही सांगितला. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "तुला संशय होता?"

"होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. आपण ज्याला इतकी वर्षं शिकवलं त्याला काहीच कळलेलं नाही, असं बघावं तसं.

मी नर्सबाईंच्या गाडीला वरच्या फळीवरचा अल्टरनेटर बसवला, गळती मोजली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली आणि गाडी देताना नर्सबाईंना काय चुकलं तेही सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी अप्पा म्हणाले, त्या घरी जायचं. आई दारात आडवी उभी राहिली.

"कशाला? त्यांना माहीतसुद्धा नाही. त्या नवऱ्याने गळा धरला तर?"

"धरू दे," अप्पा म्हणाले.

तेव्हा आईचा बांध फुटला. गेल्या वर्षभरात अप्पा दोनदा न्हाव्याकडून घरी येताना रस्ता चुकले होते. एकदा पोस्टमनने आणून सोडलं होतं. ती रोज सकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशात पत्त्याचा कागद घालत होती, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मी विचारलं का, तर म्हणाली, "तू त्यांना गॅरेजवरून काढलं असतंस. मग हे दोन महिन्यांत संपले असते. मला माणूस हवा होता."

अप्पा चप्पल घालून बाहेर जाऊन उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात रबराचा वास. दार बेकरीवाल्याने उघडलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल, दाढी वाढलेली. नर्सबाईंचं नाव सांगितल्यावर त्याने आत घेतलं. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि पलंगाचं एक टोक, त्यावर पांघरुणातले पाय, एवढं दिसत होतं. अप्पा बसले नाहीत. त्यांनी उभ्यानेच सांगितलं, एकेक पायरी घेत. आपण कोण, गाडी कशासाठी आली, आपण काय बसवलं, काय मोजायला हवं होतं आणि मोजलं नाही. मी दोनदा मधे पडायला गेले, माझी चूक सांगायला. त्यांनी हाताने थांबवलं.

बेकरीवाला सगळं ऐकून म्हणाला, "काका, हे मला का सांगितलंत?"

"तुम्हाला माहीत असायला हवं."

"आता आहे माहीत." तो आपल्या हातांकडे बघत होता. "कालपर्यंत मी म्हणत होतो, नशीब. आता याचं मी काय करू? तुम्हाला मारू? तुमचं वय माझ्या आजोबांएवढं."

मग आतल्या खोलीतून आवाज आला, अगदी साधा, कुणी भाव विचारावा तसा. "किती मिनिटं उशीर झाला म्हणाले?"

"अडतीस," अप्पा म्हणाले.

बेकरीवाल्याने बाहेरचं दार उघडून धरलं आणि आम्ही खाली उतरलो.

त्या दिवसानंतर अप्पांनी पान्याला हात लावला नाही. गॅरेजवर यायचे, स्टुलावर बसायचे. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहिल्या, आणि जे आहे ते हळूहळू जातच राहील, एवढं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. अप्पांनी एक वही आणली. आपलं डोकं आता भरवशाचं नाही, लिहून ठेवायला हवं, म्हणाले. पहिल्याच पानावर त्यांनी ती सगळी हकिकत लिहिली. तारखा, आकडे, टेकाडावरचा पत्ता, आणि शेवटी एक ओळ: हे विसरायचं नाही.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ते वही उघडी धरून माझ्याकडे आले. ओठ पांढरे पडले होते. "पोरी, हे काय आहे? हे माझ्या अक्षरात आहे."

त्यांना काहीही आठवत नव्हतं. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हळू आवाजात. ते पुन्हा स्टुलावर बसले, पुन्हा त्यांनी विचारलं की मला संशय होता का. मग म्हणाले, "त्या लोकांकडे जायला हवं."

"जाऊन आलो आपण, अप्पा."

"मी गेलो असतो तर मला आठवलं असतं," ते म्हणाले. "एवढी गोष्ट माणूस विसरेल का?"

दुपारी मी एका गाडीत गुंतले आणि ते वही घेऊन निघून गेले. वस्तीपर्यंत ते पोचले नाहीत, पण वाटेत विचारत विचारत बेकरीत पोचले. पाच वाजता बेकरीवाला त्यांना हाताला धरून घेऊन आला. कोपरापर्यंत पीठ, तसाच भट्टीवरून उठून आलेला. अप्पांना त्याने स्टुलावर बसवलं आणि मला फाटकापाशी बोलावलं.

"ताई, पहिल्यापासून सांगितलं त्यांनी. आपण कोण, गाडी कशी आली, सगळं. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी ऐकून घेतलं. मधेच तोडणार कसं?"

"मला माफ करा," मी म्हटलं.

"त्याचं राहू द्या. पण आज ते घरी गेले असते तर? ती आता कुठं उठून चार घास खायला लागलीय. तिला मी हे दुसऱ्यांदा ऐकू देणार नाही. त्यांना परत पाठवू नका. पाठवलंत तर मी काय करेन, माझं मला माहीत नाही."

त्या संध्याकाळी मी वहीचं पहिलं पान फाडायला घेतलं. आईने माझं मनगट धरलं.

"त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय ते," ती म्हणाली. "आयुष्यभर कधी चूक लपवली नाही त्यांनी. तू कोण पुसून टाकणारी?"

"मग रोज वाचू दे त्यांना? रोज सकाळी नव्याने कळू दे?"

आईने मनगट सोडलं नाही. शेवटी मीच हात सोडवून घेतला, पान फाडलं, आणि त्याला चिकटलेलं मागचं कोरं पानही फाडलं, म्हणजे फाटल्याचं दिसू नये. कागद चुलीत घातला. आई तोंड फिरवून उभी होती. आम्ही दोघी त्यानंतर आठ दिवस कामापुरतंच बोललो.

आता अप्पांना यातलं काही ठाऊक नाही. ते स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकांना टाकी आणि पंप शिकवतात, कधी कधी पंपाच्या जागी टाकी म्हणतात. नर्सबाई आल्या की खुश होतात. "गाडी चालतेय ना नीट? मीच बघितली होती," म्हणतात. नर्सबाई म्हणतात, "हो मास्तर," आणि माझ्याकडे बघत नाहीत.

बेकरीवाल्याच्या बायकोला पुन्हा दिवस गेलेत, हे मला नर्सबाईंनीच सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. पुढच्याच सोमवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधी मी मीटर घेऊन नर्सबाईंच्या अंगणात गेले. तेव्हापासून दर सोमवारी जाते. काळी वायर सोडवते, मधे मीटर लावते, दहा मिनिटं थांबते. त्या दारात उभ्या असतात. मी आकडा मोठ्याने वाचते. एकवीस, कधी बावीस. त्या मान हलवतात. मला बसा म्हणत नाहीत, आणि मीही बसत नाही. वायर घट्ट करते, बोनेट लावते, किल्ली फिरवून गाडी एकदा सुरू करून बघते आणि निघते.